सातवं भांडं

विट्याच्या बसस्थानकासमोरच्या गल्लीत उल्का शिंत्रेचं 'चाळणीपार' नावाचं दुकान होतं. पाटीवर खाली लहान अक्षरांत लिहिलं होतं, 'यंत्रानं नोकरीचा अर्ज परत केलाय? आत या.' आत उल्का टेबलामागे अशी ऐटीत बसलेली असायची, की येणाऱ्याला वाटावं, नेमणुकीचं पत्र हिच्याच खणात आहे. "माझ्या हातनं गेलेला अर्ज माघारी येत नाही," असं ती तोंडावर सांगायची, आणि २०३७च्या फेब्रुवारीपर्यंत ते शब्दशः खरं होतं.

लोक चुकाही एकेक नामी करायचे. निम्मे जण लग्नाचा बायोडाटाच घेऊन यायचे. वर गणपती, भोवती वेलबुट्टीची चौकट, मग उंची, रास, मामांची नावं आणि या गर्दीत कुठेतरी 'आयटीआय, फिटर'. चौकटीतला मजकूर यंत्राच्या लेखी चित्र. ते त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. "मामा लेथवर उभे राहणार आहेत का तुमच्या?" उल्का विचारायची आणि मामांना काढून टाकायची. दुसरी जात विनयशील लोकांची. बारा वर्षं भट्टी एकट्यानं सांभाळलेला माणूस लिहायचा, 'साहेबांच्या मार्गदर्शनाखाली काम पाहिले.' यंत्र त्याचा सरळ अर्थ लावायचं, की काम साहेबांनी केलं आणि यानं पाहिलं. अशांना उल्का आधी दम द्यायची, मग चहा.

त्या मंगळवारी दुपारी दारात तिची वहिनी उभी राहिली. दुकान निघून सहा वर्षं झाली होती, पण वहिनी तिथं कधी आली नव्हती.

"उल्काताई, जरा काम होतं."

वहिनी म्हणजे उल्काच्या थोरल्या भावाची, रणजितची बायको. वय सेहेचाळीस, कमी बोलणारी, औद्योगिक वसाहतीतल्या जुन्या जलशुद्धीकरण केंद्रात सोळा वर्षं रसायनतज्ज्ञ. ते केंद्र मार्चअखेर बंद होणार होतं. त्याऐवजी कृष्णाकाठी बेचाळीस गावांना पाणी देणारं मोठं केंद्र उभं राहिलं होतं, आणि तिथं मुख्य रसायनतज्ज्ञाची एकच जागा निघाली होती. अट होती वीस वर्षांच्या अनुभवाची. वहिनीनं घरी बसून अर्ज भरला आणि यंत्रानं तो परत केला.

"घरात माणूस असताना एकट्यानं पाठवलात?"

"तुमचा वेळ कशाला मोडायचा म्हटलं."

उल्कानं अर्ज बघितला आणि तिला हसू आलं. सगळा अनुभव एका सुबक तक्त्यात, चारही बाजूंनी रेघा मारून. "वहिनी, ह्या रेघांनी घात केला बघा. अकरा दिवस हातात आहेत. मी करते."

तिनं तक्ता मोडला, सरळ ओळी केल्या. 'नमुने तपासण्यात सहभाग' काढून 'रोज नमुने तपासले' असं लिहिलं. शिरसगावच्या नगरपरिषदेच्या केंद्रातली पहिली नऊ वर्षं आणि बी.एस्सी.ची पदवी वहिनीच्या माहेरच्या नावानं होती, म्हणून खाली एक ओळ घातली, 'लग्नाआधीचे नाव : पद्मजा दत्तात्रय खोत.' मग अर्ज पाठवून दिला आणि समोरच्या टपरीवर दोन चहा सांगितले.

"चहा यायच्या आत उत्तर येतंय बघा."

ते मात्र खरं झालं. चहा यायच्या आत पडद्यावर लाल अक्षरं आली.

'अर्ज नाकारला. एक ओळ नियमानुसार झाकली. अन्विता रणजित शिंत्रे ही व्यक्ती मे २०२१पूर्वी आढळत नाही. नऊ वर्षांचा अनुभव आणि पदवी अन्य व्यक्तीची आहे. खंड : मे २०२१पूर्वी सर्व.'

वहिनीनं ते दोनदा वाचलं. "आढळत नाही म्हणजे काय हो? मी होते की."

यात यंत्राचा दोष काढायला गेलं तर फारसा सापडत नव्हता. जुनी चाळणी नुसते शब्द शोधायची. लोकांनी पांढऱ्या कागदावर पांढऱ्या अक्षरांत हवे ते शब्द भरून तिला उल्लू बनवलं. म्हणून 'पारख' आली. ती तुमच्या शब्दांना भुलत नसे, तुमचा माग काढत असे. दहा वर्षांत कचेऱ्या, कारखाने, केंद्रं यांची सगळी दप्तरं स्कॅन झाली होती. तुम्ही म्हणालात, अमुक साली अमुक ठिकाणी होतो, की पारख त्या सालचं हजेरीपुस्तक, कामाच्या वह्या, परीक्षेच्या याद्या क्षणात पालथ्या घालायची. तुमचं नाव सापडलं तर एक धागा जुळला. नाही सापडलं तर ती थाप, आणि तिसऱ्या थापेला पाच वर्षं कुठल्याही सार्वजनिक नोकरीचं दार बंद.

शिवाय भेदभाव होऊ नये म्हणून कायद्यानं पारखच्या डोळ्यांना झापडं बांधली होती. फोटो, आधार क्रमांक, जन्मतारीख, पत्ता आणि लग्न झालंय की नाही, यातलं काहीच तिला दिसता कामा नये. बायकांना लग्नाच्या कारणावरून डावलत, म्हणून बायकांनीच मोर्चे काढून हा नियम करून घेतला होता. उल्काही एका मोर्चात घोषणा देत चालली होती. 'लग्न' हा शब्द दिसला की ती झापडं अख्खी ओळच झाकून टाकायची; आजवर आलेल्या बायकांनी नाव राजपत्रात बदलून घेतलेलं असायचं, म्हणून उल्काला हे कधी नडलं नव्हतं. उरायचं ते फक्त नाव; नुसतं 'पूर्वीचे नाव' लिहिलं, तरी दप्तरात पुरावा नाही म्हणून तीही थापच. आणि आपल्याकडे लग्नात बाईचं नाव बदलतं ते तिन्ही बाजूंनी. स्वतःचं जातं, वडिलांचं जातं, आडनाव जातं. पद्मजा दत्तात्रय खोत आणि अन्विता रणजित शिंत्रे यांच्यात यंत्राला धरायला एक धागाही उरला नव्हता.

"मग मागं नोकरी लागली ती कशी?" उल्कानं विचारलं.

"लग्नाच्या दाखल्याची झेरॉक्स जोडली होती. साहेबांनी बघितली, मान हलवली. झालं."

"राजपत्रात नाव बदलून घेतलं नाहीत?"

"तेव्हा कुणी सांगितलंच न्हाई. आता टाकलं तर चार महिने लागतात म्हणं."

टपरीवाला चहा ठेवून गेला. दोघींनीही कपाला हात लावला नाही. दोन्ही अर्ज थापांत जमा झाले होते; उरलेली एक संधी वाया गेली, तर वहिनी पुन्हा अर्ज करायला मोकळी होईल तेव्हा एक्कावन्न वर्षांची असेल. आणि आयुष्यातली नऊ वर्षं आणि एक पदवी कायमची 'अन्य व्यक्तीची' ठरलेली असेल.

"बघते मी," उल्का म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा खणखणीत निघाला नाही.

वहिनी गेल्यावर तिला दुकानात बसवेना. कारण 'अन्विता' हे नाव तिनंच ठेवलं होतं. ती तेव्हा बावीस वर्षांची होती. पन्नास माणसांच्या परवानगीतलं लग्न, तोंडाला मास्क, ओटीवर तांदळाचं ताट. आई म्हणाली, नवरीचं नाव काय ठेवायचं? उल्कानं मोठ्या उत्साहानं सांगितलं, अन्विता! पद्मजा म्हणजे फारच जुनाट. दादानं अंगठीनं तांदळात नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नवरी काय म्हणाली? उल्कानं आठवून आठवून पाहिलं. तिला कुणी विचारलंच नव्हतं. चार वर्षांनी उल्काचं लग्न झालं, तेव्हा सासूबाईंनी ताट पुढे केल्यावर हिनं स्वतः बोटानं 'उल्का' लिहिलं आणि आडनावही माहेरचंच ठेवलं. त्या वेळी वहिनी शेजारीच उभी होती, हातात हळदीकुंकवाची कोयरी घेऊन. आणि गंमत बघा, ते हौसेनं ठेवलेलं 'अन्विता' घरात कुणी कधी वापरलंच नाही. दादा 'अगं' म्हणायचा, आई 'सूनबाई', उल्का 'वहिनी'. त्या नावानं तिला हाक मारत होतं ते फक्त यंत्र. उल्काला स्वतःची लाज वाटली, चांगली कडकडून वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वहिनीच्या केंद्रावर गेली. काय विचारायचं ते ठरलं नव्हतं, पण हातावर हात ठेवून बसणं तिला जमत नसे.

प्रयोगशाळेत वहिनी निराळीच बाई होती. भरभर हात चालत होते. ओट्यावर ओळीनं सहा काचेची भांडी, प्रत्येकात लिटरभर नदीचं पाणी. पहिल्यात थोडी तुरटी, दुसऱ्यात जरा जास्त, अशी चढत्या मापानं. वरून पाती फिरली, गढूळपणाचे कण एकमेकांना चिकटून त्यांचे कापसासारखे पुंजके झाले आणि सावकाश तळाला बसू लागले. "कमीत कमी तुरटीत ज्यातलं पाणी लख्ख झालं, तो आजचा डोस," वहिनी म्हणाली. "जगभर असंच करतात."

"आणि ते?" उल्कानं खिडकीकडे बोट दाखवलं. तिथं आणखी एक भांडं उन्हात ठेवलेलं होतं.

"ते माझं." वहिनी जराशी संकोचली. "सातवं. त्यात काहीच घालायचं न्हाई. उद्या ह्याच वेळेला बघायचं, आपलं आपण किती निवळलंय. ही सहा भांडी तुरटी किती लागणार ते सांगतात. नदीला काय झालंय, ते हे सांगतं. वर कुठं दरड ढासळली, कुणी काय सोडलं, की हे निवळायला मागत न्हाई."

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कुणी न्हाई. शिरसगावात पहिल्याच महिन्यात एक भांडं धुवायचं राहिलं माझ्याकडनं. दुसऱ्या दिवशी बघितलं, तर त्यात सगळं दिसत होतं. तेव्हापासनं रोज ठेवते. लोक हसतात."

उल्का खुर्चीच्या कडेला आली. "वहीत लिहिता हे?"

"रोज."

"तिथंही लिहायचात? शिरसगावला?"

"तिथं साहेब रागवायचे. तक्त्यात रकाने सहा, तू सातवं काय आणलंस, वही खराब करू नको म्हणायचे. मग मी पानाच्या मागच्या बाजूला लिहायला लागले. शिसपेन्सिलीनं."

उल्काच्या डोक्यात चक्रं फिरायला लागली होती. पारखकडे आणखी एक अस्त्र होतं आणि ते उल्काला माहीत होतं, कारण तिच्या दोन गिऱ्हाइकांना त्याचा फटका बसता बसता राहिला होता. त्याला 'ढब-जुळणी' म्हणत. माणूस नाव बदलेल, शब्द बदलेल, पण काम करण्याची ढब बदलत नाही. कोण आधी काय तपासतो, कुठे थांबतो, कुठली नोंद चुकवत नाही, यातून प्रत्येकाची एक चाल तयार होते. हजारो नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या, की काम एका हातचं आहे की दोन, ते यंत्र जवळजवळ न चुकता सांगतं. पण हे काम जड, वेळखाऊ. म्हणून ते साध्या अर्जावर होत नसे. ते व्हायचं फक्त श्रेयचोरीची, म्हणजे दुसऱ्याचं काम आपल्या नावावर दाखवल्याची, तक्रार आली तर.

"वहिनी," उल्का म्हणाली, "मी तुमच्यावर तक्रार करते."

संध्याकाळी घरी हे ऐकून रणजितच्या हातातली भाकरी हातातच राहिली. "डोकं ठिकाणावर हाय का तुझं? माझी सख्खी बहीण माझ्या बायकोवर चोरीची तक्रार करणार? चार माणसांत काय सांगू मी?"

"खोटं काही लिहिणार नाही दादा. एवढंच लिहायचं, की पद्मजा खोत आणि अन्विता शिंत्रे यांचं काम एकाच हातचं असल्याची मला शंका आहे, तपासून बघा. ह्यातला कुठला शब्द खोटा आहे?"

"आणि नाही जुळलं तर?"

उल्कानं वहिनीकडे बघितलं. इथं तिला फुशारकी मारता येईना. "नाही जुळलं, तर चोरी सिद्ध झाली असं धरतात. पाच वर्षं बंदी, आणि नावापुढं शेरा. पानांच्या मागच्या बाजू स्कॅन झाल्यात का, मला माहीत नाही. पेन्सिल उमटलीय का, तेही माहीत नाही. आणि वहिनी, आणखी एक. ते नाव मी ठेवलं होतं. तुम्हाला न विचारता. माझं चुकलं."

वहिनीनं परातीतलं पीठ एका बाजूला केलं, हात पुसले.

"तुम्ही लहान होता तेव्हा," ती म्हणाली. "पण मला वाईट वाटलं होतं. अजून वाटतं." मग ती रणजितकडे वळली. "ती नऊ वर्षं मी रोज सकाळी सहाला केंद्रावर जात होते. पुरात कंबरभर पाण्यातनं गेलीय. ती दुसऱ्या कुणाची आहेत, असं मी यंत्राला म्हणू द्यायची न्हाई. करा हो तक्रार."

तक्रार गेली. नियम असा, की जुळणी यंत्र करणार, पण निकाल माणसानं वाचून सांगायचा. अर्जाची मुदत संपायला दोन दिवस असताना पडताळणी अधिकाऱ्यांचा व्हिडिओ कॉल दुकानात आला. मुजावर नावाचे, चष्मा कपाळावर सरकवलेले गृहस्थ होते. वहिनी उल्काशेजारी स्टुलावर बसली होती, पदराचं टोक मुठीत धरून.

"तक्रारदार कोण?"

"मी. उल्का शिंत्रे."

"जिच्यावर तक्रार आहे तिच्याशी नातं?"

"नणंद."

मुजावरांनी दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. "बरं," ते म्हणाले आणि वाचू लागले. शिरसगाव केंद्राच्या सत्तावीस वह्या तपासल्या. पुढच्या पानांवर सहा भांड्यांच्या नोंदी, त्या कुणाच्याही असू शकल्या असत्या.

"परंतु," मुजावरांनी चष्मा खाली ओढला, "स्कॅन करणाऱ्या यंत्रानं पानांच्या दोन्ही बाजू घेतल्या आहेत. मागची बाजू बघायची नसते, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. तिथं शिसपेन्सिलीतल्या दोन हजार सहाशे एक्केचाळीस नोंदी आहेत, एका सातव्या भांड्याच्या. राज्यातल्या कुठल्याच केंद्राच्या दप्तरात अशी नोंद नाही. फक्त एका ठिकाणी आहे, तुमच्या आत्ताच्या केंद्रात, जून २०२१पासून. दोन्हीकडे भांडं खिडकीत, दोन्हीकडे वेळ तीच. आणि पाऊस नसताना पाणी निवळलं नाही, तर दोन्हीकडे त्याच दिवशी नदीच्या वरच्या गावाला फोन केल्याची नोंद आहे. एकोणीस वेळा." वाचायचं सोडून त्यांनी वहिनीकडे बघितलं. "बाई, ह्या एकोणीस वेळांना किती गावं आजारी पडायची वाचली, ते ह्यात लिहिलेलं नाही. पण मला कळलं."

पडद्यावर निकाल उमटला. 'चोरी नाही. दोन्ही व्यक्ती एकच. अनुभव : पंचवीस वर्षे. खंड : नाही.'

उल्का ओरडायच्याच बेतात होती, पण वहिनीकडे बघून गप्प राहिली. वहिनी त्या शेवटच्या दोन शब्दांवर बोट ठेवून बसली होती. खंड नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं.

"एक राहिलं," मुजावर म्हणाले. "दोन नोंदी एकत्र करायच्या तर एकच नाव ठेवावं लागेल. कुठलं, ते उद्या दुपारपर्यंत भरून पाठवा. मग अर्ज आपोआप पुढे सरकेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी उल्का भावाच्या घरी गेली ती थेट स्वयंपाकघरात. डब्यातले तांदूळ ताटात ओतले, हातानं सपाट केले आणि ताट ओट्यावर वहिनीसमोर ठेवलं. रणजित दारात येऊन उभा राहिला.

"हे काय आणि?" वहिनी म्हणाली.

"मागच्या वेळी तुम्हाला विचारायचं राहिलं होतं. तेवढंच."

वहिनी ताटाकडे बघत राहिली. मग तिनं उजव्या हाताचं बोट तांदळात टेकवलं. पहिलं अक्षर वाकडं आलं. तिनं ताट हलवून ते पुसलं आणि पुन्हा लिहिलं, सावकाश, ठसठशीत. पद्मजा. पुढे काही लिहिलं नाही.

रणजितनं वाकून वाचलं. "पद्मजा," तो मोठ्यानं म्हणाला आणि स्वतःच दचकल्यासारखा झाला. सोळा वर्षांत त्यानं बायकोला नावानं हाक मारायची ही पहिलीच वेळ होती.

"ओ," वहिनी म्हणाली, आणि तिघंही हसायला लागले. हसता हसता तिनं तांदूळ पातेल्यात ओतले. "उल्का, जेवूनच जा. ह्याचाच भात लावते."

सोळा वर्षांत 'ताई' आणि 'तुम्ही' पहिल्यांदाच गळून पडलं होतं. उल्कानं ते ऐकलं आणि पाटावर ठाण मांडून बसली.

मुलाखत चाळीस मिनिटं चालली, त्यातली तीस मिनिटं सातव्या भांड्यावर. जूनमध्ये कृष्णेला नवं पाणी आलं, तेव्हा बेचाळीस गावांच्या केंद्रात मुख्य रसायनतज्ज्ञाच्या खिडकीत ते भांडं उभं होतं. वहीत त्याच्यासाठी आता छापील रकाना आहे.

उल्काच्या दुकानाची पाटी तीच आहे आणि ऐटही तीच. फक्त दुकानात बाई आली, की ती अर्ज हातात घ्यायच्या आधी एक प्रश्न विचारते, "तुमचं आधीचं नाव काय होतं?" बऱ्याच जणींना उत्तर द्यायला जरा वेळ लागतो. उल्का तोपर्यंत थांबते.